जाळीच्या आत काय आहे, ते आधी विचारा

मागच्या अंकात इंधनाच्या पंपांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय निघाला: स्टीलच्या जाळीची होज, म्हणजे पेट्रोल नेणारी, वरून तारांची जाळी विणलेली लवचिक नळी. मला बरं वाटलं. मोटारींकडे वळण्याआधी बरीच वर्षं मी हायड्रॉलिक होजच्या टेबलावर काम केलं आहे. नळी कापणं, तिच्या टोकाला फिटिंग म्हणजे जोड चढवणं, दाबाखाली तपासणं हा तिथला रोजचा व्यवहार होता. हात तिथेच घडला, म्हणून या पत्रांना जरा ऐसपैस उत्तरं देते आहे.

ताई, माझ्या टर्बो गाडीतून ४०० अश्वशक्ती काढायचा बेत आहे. टाकीपासून इंजिनपर्यंत जाळीची होज टाकणार आहे. काही होज आतून रबराच्या मिळतात, काही टेफ्लॉनच्या. बाहेरून मला दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती घेऊ? आणि एएन ६ पुरेल की ८ लागेल?

बाहेरून सारख्या दिसतात, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. जाळी पेट्रोल धरून ठेवत नाही. पेट्रोल धरतं ते आतलं अस्तर. दाबाखाली अस्तर फुगू नये आणि बाहेरून काही घासलं तर ते फाटू नये, एवढ्यासाठी जाळी असते. म्हणून होज हातात घेतली की आधी तिचं कापलेलं टोक बघा.

रबरी अस्तर बहुधा नायट्राइलचं किंवा क्लोरिनेटेड पॉलिइथिलीनचं असतं. ते मऊ असतं, सहज वळतं आणि त्यावर फिटिंग चढवणं नवशिक्यालाही जमतं. पण पेट्रोलची वाफ त्यातून हळूहळू झिरपते. शिवाय रबर लवचिक ठेवणारी द्रव्यं इंधन काळाच्या ओघात ओढून घेतं आणि नळी कडक होत जाते. अशी कडक झालेली नळी वाकवली की चिरते.

टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो अपघाताने सापडला. पेट्रोल, इथेनॉल, मिथेनॉल यांपैकी कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही आणि वाफ तर नगण्यच झिरपते. त्याचा दोष म्हणजे ताठपणा. फार वळवलं तर तो मुडपतो, आणि एकदा मुडपलेली टेफ्लॉनची नळी सरळ केली तरी त्या जागी कमजोरच राहते. तेवढा तुकडा टाकून द्यायचा, वाचवायचा नाही.

रस्त्यावर चालणारी आणि घराखाली उभी राहणारी गाडी असेल तर मी टेफ्लॉनच घ्यायला सांगते. घेताना एक गोष्ट नक्की विचारा: अस्तर वीजवाहक आहे का? इंधन वेगाने वाहताना अस्तराच्या भिंतीवर स्थिर विद्युत साठते. साधा पांढरा टेफ्लॉन उत्तम विद्युतरोधक असल्यामुळे तिला वाट मिळत नाही. शेवटी ती भिंत भेदून बाहेरच्या जाळीकडे उडी मारते आणि सुईच्या टोकाएवढं भोक पाडते. भोक दिसत नाही, जाळी ओलसर तेवढी होते. इंधनासाठी बनवलेल्या चांगल्या होजमध्ये अस्तरात कार्बन मिसळलेला असतो, म्हणून आतून ती काळी दिसते. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. उत्पादकाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असलं पाहिजे.

आता मापाचं. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही, आणि पुढचा आकडा म्हणजे धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत. ६ म्हणजे ६/१६, म्हणजे ३/८ इंच, साडेनऊ मिलिमीटर. होजचं आतलं भोक याहून लहान असतं, टेफ्लॉनमध्ये साधारण ८ मिलिमीटर धरा.

तुमच्या ४०० अश्वशक्तीचा हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीला ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन खातं, असं धरून चालतात. म्हणजे ताशी १०८ किलो, लिटरमध्ये जवळपास १४५. आठ मिलिमीटरच्या भोकातून एवढं इंधन सेकंदाला ८० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने जाईल. उरलेलं इंधन टाकीत परत नेणारी नळी असलेल्या गाडीत पंपाचा सगळाच प्रवाह फिरत राहतो, तो धरला तरी एएन ६ ला हे जड नाही. ८५ टक्के इथेनॉल वापरणार असाल तर तेवढ्याच कामाला आकारमानाने सुमारे ४० टक्के जास्त इंधन लागतं. तरीही ६ चालेल. पुढे ताकद बरीच वाढवायचा विचार पक्का असेल, तरच आत्ता ८ टाका.

एक अपवाद आहे. पंप टाकीच्या बाहेर असेल तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी एक माप मोठी आणि शक्य तितकी आखूड ठेवा. पंप ढकलायला समर्थ असतो, ओढायला नाही. ओढताना नळी अरुंद पडली तर दाब उतरतो, गरम पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि पंप कण्हायला लागतो.

जाळीची होज बसवून दोन वर्षं झाली. कुठे थेंब दिसत नाही, पण सकाळी गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक म्हणतात, अशा होजना वास येतोच. खरं का?

नाही. तुमच्या पत्राला पहिल्या दिवशी उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. बंद गॅरेजमध्ये त्या वाफेला एखाद्या स्विचची ठिणगी पुरते. कारण सापडेपर्यंत गाडी उघड्यावर ठेवा.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगते. इंजिन पूर्ण गार झालेलं असताना कोरडं, पांढरं सुती फडकं घ्या आणि होजच्या एका वीतभर भागावर घट्ट फिरवा. फडक्याचा वास घ्या. मग नवं फडकं, पुढची वीत. सगळीकडे सारखाच वास येत असेल तर वाफ अस्तरातून झिरपते आहे. म्हणजे होज रबरी आहे आणि तिचं आयुष्य संपत आलं आहे. एकाच जागी वास तीव्र असेल तर तिथे चीर किंवा भोक आहे. जोडाजवळ असेल तर बसवण्यात चूक झाली आहे.

माझ्याकडे एकदा अशीच एक गाडी आली होती. जाळी चांदीसारखी लखलखीत, एकही तार तुटलेली नाही. मालक रोज ती कापडाने पुसायचे. वास मात्र थांबत नव्हता. मी ती होज काढली आणि हॅक्सॉने उभी चिरली. आतलं रबर जुन्या चपलेच्या तळव्यासारखं झालं होतं. वाकाच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढ्या चिरांची रांग होती. इंधन त्या चिरांतून बाहेर यायचं, जाळीच्या विणीतून पुढे सरकायचं आणि थेंब तयार होण्याआधीच उडून जायचं. साधी काळी रबरी नळी असती तर त्या चिरा सहा महिने आधीच डोळ्यांना दिसल्या असत्या. त्या दिवसापासून मी रबरी अस्तराच्या प्रत्येक होजवर, मग ती कितीही नवी दिसो, बसवल्याची तारीख लिहिलेली पट्टी अडकवते. जाळी म्हातारी होत नाही, अस्तर होतं. पट्टी नसेल तर वय कळायला दुसरा मार्ग उरत नाही.

तुम्ही दोन वर्षं म्हणता. त्यामुळे होज रबरी आहे आणि इंधनात इथेनॉल आहे, असा माझा अंदाज आहे. ती पूर्ण बदला. तुकडा कापून मध्ये जोड देऊ नका.

घरीच टेफ्लॉनच्या होजवर फिटिंग बसवलं. दोन वेळा गळलं. तिसऱ्या वेळी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला तेव्हा थांबलं. असंच ठेवलं तर चालेल का?

चालणार नाही, आणि का ते नीट समजून घ्या. एएन जोडात आटे गळती थांबवत नाहीत. ते फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरतात. गळती थांबते ती ३७ अंशांच्या दोन उतारांच्या भेटीत, धातूवर धातू बसून. टेपने तुम्ही पेट्रोलची वाट लांबवली, बंद केली नाही. शिवाय पुढच्या वेळी जोड उघडताना टेपचे बारीक धागे सुटून आत पडतील आणि थेट इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाच्या, तोंडाशी जातील. टेप काढा आणि आटे ब्रशने साफ करा. फक्त निमुळत्या, म्हणजे एनपीटी आट्यांना सीलंट लागतं, तेही इंधनाला टिकणारं द्रव सीलंट.

एवढं करून झाल्यावर दोन शंका तपासा. पहिली, समोरचं तोंड ४५ अंशांचं तर नाही? मोटारींच्या जुन्या फ्लेअर जोडांत तो कोन असतो. काही मापांत आटे जुळतात, त्यामुळे नट गोडीगुलाबीने चढतो आणि गळती मात्र जन्मभर राहते. दुसरी शंका मला जास्त दाट वाटते: फिटिंग रबरी होजचं असावं. दोन्ही फिटिंग टेबलावर शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला फरक कळत नाही. टेफ्लॉनच्या फिटिंगमध्ये एक लहान पितळी किंवा ॲल्युमिनियमचं कडं असतं, त्याला ऑलिव्ह म्हणतात. रबरी होजच्या फिटिंगमध्ये ते नसतं, तिथे निपल, म्हणजे फिटिंगचा होजच्या आत जाणारा भाग, रबरात घुसून पकड घेतं. टेफ्लॉनवर ही पकड बसतच नाही. दाब वाढला की नळी निसटून बाहेर येऊ शकते.

फिटिंग योग्य असेल तर आता सावकाश काम करा. जिथे कापायचं तिथे होजवर चिकटपट्टीचे चार-पाच घट्ट वेढे द्या आणि पट्टीच्या मधोमध कापा. बारीक दातांचं पातं घ्या, इंचाला ३२ दातांचं. ग्राइंडरची पातळ चकती त्याहून स्वच्छ कापते, पण होजमध्ये आधी कधी इंधन गेलं असेल तर चकतीला हात लावायचा नाही. काप काटकोनातच हवा. हातमोजे घाला. जाळीची सुटी तार बोटात सुईसारखी शिरते आणि आत तुटते.

पट्टी काढण्याआधी सॉकेट, म्हणजे फिटिंगचा बाहेरून बसणारा भाग, होजवर चढवून घ्या. दोन्ही टोकांची सॉकेट आधीच चढवा, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. एक टोक पूर्ण झालं की दुसरं सॉकेट त्या बाजूने येत नाही. मग पट्टी काढून जाळी टोकाशी हलकेच फुलवा आणि ऑलिव्ह जाळीच्या आतून, अस्तराच्या बाहेरून सरकवा. अस्तराचं टोक ऑलिव्हच्या आतल्या कडेला पूर्ण टेकलं पाहिजे. टोक सपाट लाकडावर दाबलं की ते टेकतं. आता भिंग घ्या. थट्टा करत नाही, खरंच भिंग घ्या, आणि ऑलिव्ह व अस्तर यांच्यामध्ये जाळीची एखादी तार अडकली आहे का ते बघा. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांच्या गळक्या जोडांत मला सगळ्यात जास्त वेळा हीच एक तार सापडली आहे. ती अडकली असेल तर टोक कापा आणि नवा ऑलिव्ह घेऊन पहिल्यापासून करा. एकदा दाबलेला ऑलिव्ह परत वापरायचा नाही. तुम्ही तीनदा प्रयत्न केलात, तिन्ही वेळा तोच ऑलिव्ह होता का?

निपलच्या आट्यांना तेलाचं बोट लावा. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांना चावतात आणि मग ते ना पुढे जातात, ना मागे. व्हाइसचे जबडे मऊ हवेत. निपल अस्तरात सरळ घाला, सॉकेट पुढे आणा, आधी हाताने आणि मग पान्याने आवळा. सॉकेट आणि नट यांत साधारण एक मिलिमीटर फट राहिली की थांबा. आवळण्याआधी सॉकेटच्या मागच्या कडेला होजवर मार्करने रेघ मारून ठेवा. आवळल्यावर रेघ सॉकेटपासून दूर गेलेली दिसली तर होज बाहेर ढकलली गेली आहे, जोड उघडा.

शेवटी दोन्ही टोकांतून हवा फुंका आणि स्वच्छ इंधनाने आतून धुवा. कापताना आत गेलेले कण धुतले नाहीत तर ते फिल्टरच्या पुढच्या होजमधून सरळ इंजेक्टरवर जाऊन बसतात.

माझ्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे. पंपापासून रेलपर्यंतची, म्हणजे इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीपर्यंतची, धातूची नळी काढून तिथेही जाळीची होज लावता येईल का?

नाही, कधीही नाही. तुमच्या टाकीतला पंप साधारण ४ ते ६ बार दाब देतो. इंजिनवरचा दुसरा पंप तो १०० ते २०० बार, नव्या गाड्यांत त्याहूनही वर नेतो. तिथे कारखान्याची पोलादी नळीच हवी आणि काढली की उत्पादक सांगतो तिथे ती नवीच लावायची. टाकीपासून त्या दुसऱ्या पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या भागात काय करायचं ते करा.

इंजिनखान्यात होज कुठून न्यावी याबद्दल दोन शब्द लिहा. मी ती बॅटरीच्या तारांबरोबर केबल टायने बांधली आहे. नीटनेटकी दिसते.

पत्र वाचून होताच गाडीकडे जा आणि ते टाय कापा.

स्टीलची जाळी ही कानस आहे. इंजिन थरथरतं तसं ती जे काही शेजारी असेल ते घासत राहते: रंग, रबर, ॲल्युमिनियम, तारेवरचं आवरण. आणि ती वीजवाहकही आहे. मी स्वतः एका शर्यतीच्या गाडीत होज स्टार्टरच्या जाड तारेच्या शेजारून नेली होती. मध्ये बोटभर अंतर होतं, उभ्या गाडीत ते पुरेसं वाटलं. पण पूर्ण जोर लागला की इंजिन आपल्या रबरी माउंटवर कलतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. सरावानंतर बोनेट उघडलं तेव्हा तारेचं आवरण तांब्यापर्यंत खरवडलेलं होतं आणि जाळीवर एक काळा डाग होता, जेमतेम मसुराएवढा. ठिणगी पडून गेली होती. अस्तर शाबूत राहिलं म्हणून गाडी आणि आत बसलेला मुलगा दोघंही शाबूत राहिले. तो डाग असलेला होजचा तुकडा मी जपून ठेवला आहे आणि नव्या माणसाला काम देण्याआधी त्याच्या हातात देते.

तेव्हा इंधनाची होज आणि जाड विजेची तार यांच्या वाटा वेगळ्या करा. जवळून नेण्याशिवाय इलाजच नसेल तर दोन्ही स्वतंत्र पकडींत धरा आणि होजवर आवरण चढवा. अशा ठिकाणी मी नायलॉनच्या विणीची होज पसंत करते. ती घासत नाही आणि वीजही वाहून नेत नाही.

पकडीसाठी रबर लावलेले पी-क्लॅम्प घ्या आणि दर ३० ते ४० सेंटिमीटरला एक लावा. पत्र्यातून होज जाते तिथे नुसत्या भोकापेक्षा बल्कहेड फिटिंग, म्हणजे पत्र्यातच पक्का बसणारा जोड, बरं. एक्झॉस्टपासून दूर राहा. दूर जाणं शक्य नसेल तर उष्णतारोधक बाही आणि मध्ये पत्र्याचा आडोसा, दोन्ही हवेत. गाडीखाली नेताना होज चेसिसच्या सगळ्यात खालच्या कडेच्या वर असावी आणि फिरणाऱ्या शाफ्टच्या वाटेत येऊ नये. होज ताणून बांधू नका. दाबाखाली तिची लांबी थोडी बदलते आणि इंजिनही हलतं, त्यासाठी ढील ठेवा. नट आवळताना सॉकेट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर होजला पीळ बसतो आणि दाबाखाली तो पीळ सुटताना नट सैल करतो. वळण अवघड असेल तर होज वाकवण्यापेक्षा ४५ किंवा ९० अंशांचं फिटिंग लावा.

शर्यतीत उतरणार असाल तर तुमच्या स्पर्धेचे नियम आधी वाचा. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या सुरक्षा नियमांत इंधनाच्या नळीला १३५ अंशांवर किमान ७० बारची फुटण्याची मर्यादा मागितलेली आहे. वळणाऱ्या होजला आट्यांचे, क्रिम्प केलेले (यंत्राने दाबून बसवलेले) किंवा स्वतःहून बंद होणारे जोड हवेत आणि बाहेरची वीण घासण्याला व ज्वाळेला टिकणारी हवी. वरून रंगीत टोपी आणि आत साधी ज्युबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी), असे शोभेचे जोड तिथे चालत नाहीत. माझ्या मते ते रस्त्यावरच्या गाडीतही नसावेत.

सगळं बसवून झालं आहे. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घेऊ?

गाडी उघड्यावर आणा. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा आणि ते चालवता येणारा दुसरा माणूस शेजारी उभा करा. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून पंप दोन-तीन वेळा चालू द्या म्हणजे नळी भरेल. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद दाबून धरा आणि दाबमापकाकडे बघा. पंप थांबल्यावर दाब लगेच कोसळत असेल आणि जोड कोरडे असतील तर दोष पंपातल्या झडपेत, रेग्युलेटरमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये शोधा.

जोड ओला दिसला तर पंप चालू असताना पाना लावू नका. पंपाचा फ्यूज काढा, बॅटरीचं ऋण टोक सोडवा, जोडाभोवती फडकं गुंडाळून दाब हळूच मोकळा करा, मगच उघडा. नुसतं जोर लावून आवळू नका. उताराच्या तोंडावर ओरखडा आहे का ते पाहा. ओरखडा असेल तर कितीही आवळलं तरी तो भाग बदलावाच लागणार.

सगळं कोरडं राहिलं तर इंजिन सुरू करा, पूर्ण गरम होऊ द्या, बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि कागद पुन्हा फिरवा. गरम-गार होण्यात ॲल्युमिनियम आपली जागा घेतं, आणि सकाळी कोरडा असलेला जोड संध्याकाळी ओला झालेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. तिसरी तपासणी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर करा. त्या तिन्ही तपासण्या कोरड्या निघेपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नका.